वाणीचा साधक : क्लॉड रेन्स

इंग्लंडातील नामांकित चरित्रनट क्लॉड रेन्स यांचा जन्म लंडन येथे १८८९ साली गरीब कुटुंबात झाला. बालपणी त्यांची जीभ अडखळे. ‘र’ हा वर्णही नीट उमटत नसे. ते नाटकगृहात नटांस प्रवेशाची वर्दी देण्याचे काम करीत असता, नाट्यगृहाचे चालक हर्बर्ट ट्री यांनी स्वखर्चाने त्यांस उच्चारशिक्षण देवविले. पहिल्या महायुद्धात विषारी वायूमुळे एका डोळ्याची दृष्टी जवळजवळ गेली. तथापि पुढे ते जॉन गिलगुड यांसारख्या नटांचे शिक्षक झाले. १९३३ च्या ‘द इनव्हिजिबल मॅन’ या बोलपटात त्यांचा चेहरा अगदी अखेरीस दिसतो. तोवर सारी भूमिका आवाजावरच उभी आहे. १९६७ साली ते निवर्तले. वर्गात अडखळत वाचणाऱ्या सोबत्यास हसण्यापूर्वी हे चरित्र आठवावे, असे आम्हांस वाटते. त्यास कदाचित एका ट्रींचीच उणीव असेल.