सारखे धागे, सारखे अंतर

बाजारात संत्र्यांचा ढीग रचणारा माणूस पहा. आधी तो संत्री निवडतो. लहान एका बाजूला, मोठी एका बाजूला. मग सारख्या आकाराची संत्री घेऊन खालचा थर लावतो. त्या थरात संत्र्यांच्या मधोमध खळगी राहते. वरचे संत्रे त्या खळगीत आपोआप बसते. बघता बघता मनोरा उभा राहतो.

मध्येच एक पपनस ठेवले तर? ओळ तिथेच मोडते. वरचे सगळे थर वाकडे होतात. म्हणजे ओळ नीट लागायची तर आधी माप सारखे हवे.

ही गोष्ट फक्त फळांची नाही. ओपल नावाचे एक रत्न आहे. काही लोक ते ग्रहासाठी अंगठीत घालतात. ग्रहांचे ग्रहांपाशी, आपण दगडाकडे पाहू. हा दगड हलवला की आत तांबडे, हिरवे, निळे रंग चमकतात. पण आत कसलाही रंग कालवलेला नसतो. 1964 साली ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून हा दगड पाहिला. तेव्हा आत वाळूच्याच जातीच्या द्रव्याच्या गोळ्या दिसल्या. सगळ्या एका मापाच्या, संत्र्यांसारख्या रचलेल्या. एका मिलिमीटरात चार-पाच हजार बसाव्यात इतक्या बारीक! त्या सारख्या रचनेतूनच रंग उमटतात. खाणीत ओपलच्या शेजारीच दुसराही एक दगड निघतो. द्रव्य तेच, पण गोळ्या लहानमोठ्या आणि विस्कटलेल्या. त्यात रंगांची चमक नाही. त्याला भावही नाही.

आता आरसा घ्या. आपला डोळा पहा. बाहेर पांढरा भाग, मध्ये काळे बुबुळ. त्या बुबुळावर घड्याळाच्या काचेसारखा एक पडदा आहे. समोरून तो दिसत नाही. शेजारच्या माणसाच्या डोळ्याकडे बाजूने पहा, म्हणजे तो फुगीर पडदा कळेल. डॉक्टर त्याला कॉर्निया म्हणतात. आपण त्याला डोळ्याची काच म्हणू. (मोतीबिंदू होतो तो याच्या मागे, आतल्या भिंगाला. ती गोष्ट वेगळी.)

डोळ्याची काच आणि डोळ्याचा पांढरा भाग, हे दोन्ही एकाच जातीच्या धाग्यांनी विणलेले आहेत. कातडीत आणि हाडांतही तेच धागे असतात. मग एक भाग स्वच्छ आणि दुसरा पांढरा, असे का?

पांढऱ्या भागात धागे जाडबारीक असतात. काही अगदी बारीक, काही त्यांच्या पाच-सात पट जाड. ते कसेही गुंतलेले असतात. काचेतले धागे मात्र जवळजवळ एकाच जाडीचे असतात आणि सारख्या अंतरावर शेजारी शेजारी असतात. एका मिलिमीटरच्या रुंदीत सुमारे सोळा हजार धागे! काचेची जाडी मधोमध अर्धा मिलिमीटर. तेवढ्यात अशा धाग्यांचे दोनशेच्या वर थर. एका थरातले धागे उभे, तर शेजारच्या थरातले आडवे किंवा तिरपे.

सारख्या अंतराने काच स्वच्छ कशी होते? विहिरीच्या पाण्यात दोन खडे टाका. दोन्हींच्या लाटा पसरतात. एका लाटेचा उंचवटा आणि दुसरीचा खोलगट भाग एकाच जागी आला, की तिथले पाणी स्वस्थ राहते. लाट लाटेला खोडते. प्रकाशही लाटांनीच चालतो. काचेतला प्रत्येक धागा थोडा प्रकाश आजूबाजूला उडवतो. पण धागे सारखे आणि अंतर सारखे, म्हणून बाजूला उडालेल्या लाटा एकमेकींना खोडून टाकतात. सरळ पुढे जाणारा प्रकाश तेवढा उरतो, आणि आपल्याला दिसते. पांढऱ्या भागात ही खोडाखोड जमत नाही. प्रकाश चोहोकडे फेकला जातो. म्हणून तो भाग पांढरा. हा उलगडा 1957 साली डेव्हिड मॉरिस या शास्त्रज्ञाने मांडला. पुढे असेही कळले की, कवायतीच्या रांगेइतकी काटेकोर ओळ लागत नाही. शेजाऱ्या-शेजाऱ्यांतले अंतर सारखे राहिले म्हणजे पुरते.

हे अंतर राखणे सोपे नाही बरे का. ही काच पाणी शोषून फुगायला टपलेली असते. फुगली की धाग्यांमधले अंतर बिघडले, आणि काच धुरकट झाली. म्हणून काचेच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच एक थर असतो. त्या पेशी रात्रंदिवस पाणी बाहेर उपसतात. शेतावरच्या मोटेला तरी विसावा असे. यांना तो नाही. या पेशीही मधाच्या पोळ्यातल्या घरांसारख्या सहा कोनी आणि साधारण एका मापाच्या असतात. एखादी मेली तर माणसात तिच्या जागी नवी येत नाही. शेजारणी पसरून जागा भरतात. मग काही मोठ्या, काही लहान, अशा दिसू लागतात. डॉक्टर यंत्रातून पाहतात तेव्हा हे लहानमोठेपण त्यांना लगेच खटकते. उपसा करणारे हात कमी झाले, असा त्याचा अर्थ.

काचेला खोल जखम झाली तर शरीर ती भरून काढते. पण घाईने. नवे धागे जाडबारीक आणि वाकडेतिकडे पडतात. तेवढी जागा पांढरी होते. ‘डोळ्यात फूल पडले’ असे आपण म्हणतो ते हेच. फूल बुबुळाच्या मधोमध पडले तर दृष्टी जाते. भाताची पात लागते, उसाचे पान लागते, खडीचा कपचा उडतो. अशा वेळी डोळ्यात दूध, मध किंवा पाल्याचा रस घालू नका. दुकानातले थेंबही मनाने घालू नका. काही थेंबांनी जखम उलट चिघळते. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

चुना तर सगळ्यांत वाईट. तंबाखूच्या चुन्याची पुडी लहान मूल दाबते आणि चिळकांडी थेट डोळ्यात जाते. चुना वरच्यावर थांबत नाही, आत उतरत जातो. म्हणून आधी पाणी! स्वच्छ पाण्याची धार अर्धा तास धरा. पापणी उलटून चुन्याचे कण काढा. मगच दवाखान्याची वाट धरा. पाण्याआधी प्रवासात घालवलेली घटका डोळ्याला महाग पडते.

चुन्याने डोळे गेलेल्या एका मजुराचे नाव वैद्यकाच्या इतिहासात राहिले आहे. आलॉइस ग्लोगार हे ते नाव. चुना विझवताना त्याचे दोन्ही डोळे भाजले होते. 7 डिसेंबर 1905 रोजी युरोपात, मोराव्हिया प्रांतातल्या ओलोमोउत्स गावी, डॉ. एडुआर्ड त्सिर्म यांनी त्याच्यावर शस्त्रक्रिया केली. एका अकरा वर्षांच्या मुलाचा डोळा इजेमुळे काढावा लागला होता. त्या डोळ्याची काच त्यांनी ग्लोगारला बसवली. एका डोळ्यात ती टिकली नाही. दुसऱ्यात स्वच्छ राहिली, आणि ग्लोगार पुन्हा कामावर जाऊ लागला. माणसाची काच माणसाला बसवून यशस्वी झालेली ही पहिली शस्त्रक्रिया.

इतक्या बारीक मापाचे धागे इतक्या सारख्या अंतरावर माणसाला अजून शरीरासारखे सहज विणता येत नाहीत. म्हणून फूल पडलेल्याला नवी काच हवी तर ती बहुतेक वेळा मेलेल्या माणसाच्या डोळ्यातूनच मिळते. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत डोळे काढावे लागतात. तोवर पापण्या मिटून वर ओला कापूस ठेवावा, पंखा बंद करावा आणि डोक्याखाली उशी द्यावी. चष्मा असला, मोतीबिंदू काढलेला असला, वय झालेले असले, तरी चालते. चेहरा विद्रूप होतो ही भीती खोटी आहे. पुढल्या जन्मी आंधळा जन्म येतो असे आम्हीही पारावर पुष्कळ ऐकले. ज्याने पाहिले असा मात्र कोणी भेटला नाही.

नेत्रपेढीत डोळा आला की काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात. त्या सहा कोनी पेशी मोजतात. एका चौरस मिलिमीटरात किती आहेत, आणि सारख्या आहेत की लहानमोठ्या, हे पाहतात. पेशी भरपूर आणि सारख्या असल्या, म्हणजे ती काच दुसऱ्याच्या डोळ्यात पाणी उपसायला समर्थ ठरते.