माउस आधी हातात बसला पाहिजे

प्रश्न : मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. गेलं वर्षभर व्हॅलोरंट खेळतेय. दादा नोकरीसाठी पुण्याला गेला आणि त्याचा गेमिंग माउस माझ्याकडे आला. त्याला तो फार आवडायचा, पण माझा हात तासाभरातच अवघडतो. नेम लागता लागता सुटतो आणि अंगठ्याजवळचं पुढचं बटण दाबायला गेलं की क्रॉसहेअर हलतो. सेटिंग दादानंच लावून दिलंय : 3200 डीपीआय आणि गेममधली सेन्सिटिव्हिटी 0.4. आता दिवाळीला मला स्वतःचा माउस मिळणार आहे. मैत्रीण म्हणते, सगळ्यात जास्त डीपीआयचा घे. मी नक्की काय बघून घेऊ?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेला डीपीआयचा आकडा सोडून बाकी सगळं बघ. 16,000, 25,600, 30,000 या आकड्यांची चढाओढ कंपन्यांची आहे आणि एवढ्या डीपीआयवर कुणीही नेमबाजीचा गेम खेळत नाही. नावाजलेल्या कंपनीच्या साध्या गेमिंग माउसमधला सेन्सरही आता हाताची हालचाल जशीच्या तशी पडद्यावर नेतो. सेन्सर चुकतो म्हणून नेम चुकण्याचे दिवस मागे पडले. माउसा-माउसांत आज खरा फरक आहे तो आकाराचा आणि वजनाचा. तुझ्या तीनपैकी दोन दुखणी तिथूनच आलेली दिसतात, आणि उरलेलं दुखणं, म्हणजे नेम सुटणं, सेटिंगमधून.

आधी फूटपट्टी घे. मनगटाच्या घडीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत हाताची लांबी मोज. मग अंगठा सोडून चार बोटांच्या मुळाशी पंजाची रुंदी मोज. खेळाडू साधारणपणे 17 सेंमीच्या आतला हात लहान धरतात, 17 ते 19.5 मध्यम आणि त्यापुढचा मोठा. माउसची लांबी हाताच्या लांबीच्या 60 टक्क्यांच्या जवळपास असावी, असा एक आडाखा त्यांच्यात चालतो. तो आडाखाच आहे, हे लक्षात ठेव. साडेसोळा सेंमीच्या हाताला त्यातून जेमतेम 10 सेंमीचा माउस निघतो आणि इतके आखूड गेमिंग माउस बाजारात मोजकेच मिळतात. त्यामुळे तुझा हात लहान निघाला, तर 12 सेंमीच्या आतलेच माउस बघायचे, एवढा अर्थ त्यातून घे. आता दादाचा माउसही मोज. अंगठ्याला टेकू असलेले भरदार माउस 13 सेंमी लांब, साडेसात सेंमी रुंद आणि 120 ग्रॅमच्या घरात असतात. तसा असेल, तर बटणापर्यंत अंगठा पोचवायला तुला पकड सैल करावी लागते आणि नेमका त्याच क्षणी क्रॉसहेअर हलतो. यात तुझ्या खेळाचा काही दोष नाही.

मापाइतकीच महत्त्वाची पकड. कॅरम खेळताना कुणी तर्जनीनं स्ट्रायकर मारतो, कुणी मधल्या बोटानं, कुणी अंगठ्यानं, आणि दुसऱ्याची पद्धत उसनी घेतली की सोंगटी भलतीकडेच जाते. माउसचंही तसंच. पकडीचे तीन प्रकार मानतात. पाम ग्रिपमध्ये सगळा पंजा माउसवर विसावलेला असतो आणि बोटं सपाट. क्लॉ ग्रिपमध्ये तळव्याचा मागचा भाग माउसच्या शेपटाकडे टेकतो आणि बोटं कमानीसारखी वाकून क्लिक करतात. फिंगरटिप ग्रिपमध्ये तळवा अधांतरी असतो, माउसला शिवतात ती फक्त बोटांची टोकं. आपली पकड कुठली, हे टेबलाशी निवांत बसून ठरवू नकोस, कारण तेव्हा हात शहाण्यासारखा वागतो. ऐन राउंडमध्ये, समोर दोघे उरलेत आणि तू एकटी आहेस, अशा वेळी घरातल्या कुणाला तरी बाजूनं तुझ्या हाताचा फोटो काढायला सांग. त्या फोटोतली पकड खरी. पुष्कळांची पकड दोन प्रकारांच्या मधली निघते आणि त्यात काही वावगं नाही.

पकड कळली की माउसची पाठ बघायची. पाम ग्रिपला पाठ उंच हवी आणि माउस थोडा लांब चालतो. क्लॉ ग्रिपला फुगवटा मागच्या बाजूला असलेला बरा, म्हणजे तळव्याला टेकायला जागा मिळते. फिंगरटिप ग्रिपला माउस आखूड, बसका आणि हलका हवा, कारण त्यात बोटं आत ओढून माउस तळव्याकडे खेचतात आणि फुगीर पाठ तिथे मधे येते. अनामिका आणि करंगळीकडेही बघ. उजव्या बाजूला त्या दोघींना नीट जागा मिळाली नाही, तर करंगळी पॅडवर घासत राहते. हात अवघडण्याचं ते एक मोठं कारण असतं आणि ते सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही.

आकार ही गोष्ट खेळाडूंनी किती मनावर घेतली, ते सांगायचा मोह आवरत नाही. झोवी कंपनीच्या ईसी मालिकेचं नाव काउंटर-स्ट्राइकचा स्वीडिश खेळाडू एमिल क्रिस्टेन्सेन, म्हणजे ‘हीटन’, याच्या आद्याक्षरांवरून पडलं आणि एफके मालिकेचं पोलंडच्या फिलिप कुब्स्की, म्हणजे ‘निओ’, याच्या. ईसी उजव्या हातासाठी तिरकी घडवलेली, एफके दोन्ही बाजूंनी सारखी आणि बसकी. दोघेही जगातल्या अव्वल खेळाडूंपैकी, एकाच खेळातले, तरी माउस इतके निराळे. शिवाय ईसी एकाच घाटात मोठी, मध्यम आणि लहान अशा मापांत निघते. एक सर्वोत्तम माउस असतो, ही समजूत सोडून द्यायला मला एवढा दाखला पुरेसा वाटतो.

आता तुझ्या सेटिंगकडे येतो, कारण नवा माउस आणून सेटिंग हेच ठेवलंस तर पैसे फुकट जातील. डीपीआय म्हणजे माउस एक इंच सरकला की संगणकाला किती ठोके कळवतो, तो आकडा. व्हॅलोरंटमध्ये सेन्सिटिव्हिटी 1 असताना दर ठोक्याला नजर 0.07 अंश वळते. तुझी 0.4 आहे, म्हणजे दर ठोक्याला 0.028 अंश. 3200 डीपीआयवर हात नुसता एक मिलिमीटर सरकला तरी सुमारे 126 ठोके जातात आणि नजर साडेतीन अंश फिरते. लांबवर उभ्या असलेल्या प्रतिस्पर्ध्याचं डोकं पडद्यावर साडेतीन अंशांहून कितीतरी लहान दिसतं. म्हणजे हाताचा साधा कंपसुद्धा तुझा नेम उडवून लावतो. पूर्ण गिरकी घ्यायला, म्हणजे 360 अंश वळायला, तुला माउस फक्त 10 सेंमी सरकवावा लागतो.

गेममधली सेन्सिटिव्हिटी 0.4 तशीच ठेव आणि माउसचा डीपीआय 800 कर. तीच गिरकी आता जवळपास 41 सेंमीत होईल आणि एका मिलिमीटरला नजर एक अंशही फिरणार नाही. डीपीआय आणि सेन्सिटिव्हिटी यांच्या गुणाकाराला खेळाडू ईडीपीआय म्हणतात. तुझा आत्ताचा 1280 आहे, तो 320 होईल. व्हॅलोरंटमधल्या बहुतेक व्यावसायिक खेळाडूंचा 200 ते 400 च्या दरम्यान असतो. सुरुवातीला माउस चिखलात रुतल्यासारखा वाटेल आणि मागून कुणी आलं की वळायला उशीर होईल. चिडून लगेच मागे जाऊ नकोस. हाताला सवय लागायला वेळ लागतो आणि तेवढ्यात रोज सेटिंग बदललं, तर ती सवय कधीच लागत नाही. फारच संथ वाटलं तर 0.5 पर्यंत चढव, त्यापुढे घाईनं जाऊ नकोस. (पुढे काउंटर-स्ट्राइक 2 खेळलीस, तर व्हॅलोरंटच्या आकड्याला 3.18 नं गुण, म्हणजे हाताला तोच वेग मिळेल.)

या बदलाचा परिणाम टेबलावरही होतो. मागे वळायला 20 सेंमी जागा लागणार, म्हणजे वहीएवढा पॅड पुरायचा नाही. 40-45 सेंमी रुंदीचा कापडी पॅड घे. टेबल लहान असेल, तर कीबोर्ड तिरका कर, पुष्कळ खेळाडू तसंच करतात. चिपळूणच्या पावसाळ्यात कापडी पॅड दमट होऊन संथ वाटायला लागतो, तेव्हा हाताचा अंदाज बिघडला म्हणून सेटिंग बदलत बसू नकोस. पॅड धुऊन पंख्याखाली पूर्ण वाळव, मग खेळून बघ. हाताला घाम येत असेल, तर गुळगुळीत चकचकीत पाठीचा माउस टाळ. माउसच्या बाजूंना चिकटवायच्या ग्रिप टेपा मिळतात, त्या दमट हवेत खरोखर कामाला येतात.

इतका माउस फिरवायचा, तो सारखा उचलून पुन्हा मांडायचा, म्हणून वजन मोलाचं. 2018 च्या सुमाराला वजन घटवण्यासाठी पाठीला मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भोकं पाडलेले माउस आले. नंतर भोकं न पाडताही वजन साठ-पासष्ट ग्रॅमवर आणणं जमलं. लॉजिटेकचा जी प्रो एक्स सुपरलाइट 2020 मध्ये आला तो 63 ग्रॅमच्या आत. मात्र त्याची लांबी साडेबारा सेंमी आहे, म्हणजे नाव कितीही मोठं असलं तरी लहान हाताला तो लांबच. परवडणाऱ्यांत लॉजिटेकचा जी 102 बघ : 116.6 मिमी लांब, 38.2 मिमी उंच, 85 ग्रॅम. फार हलका नाही, पण लहान हाताच्या क्लॉ किंवा फिंगरटिप पकडीला त्याचा घाट छान जमतो. रेझरचा वायपर मिनी कुणाकडे असेल तर जरूर धरून बघ : 118.3 मिमी लांब, केबल सोडून 61 ग्रॅम, कमरेशी निमुळता. तो विकत घेतला नाहीस तरी हलका आणि अरुंद माउस हाताला कसा लागतो, ते कळेल.

खेळाची जात बदलली तर हिशोब बदलतो. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टसारख्या खेळात डझनभर मंत्र आणि हत्यारं हाताशी लागतात. तिथे अंगठ्याखाली 12 बटणं असलेला रेझरचा नागा शोभतो, वजनानं कुणाचं अडत नाही. डोटा 2 मध्ये क्लिकचा भडिमार असतो, म्हणून बटणं हलकी आणि चटकन परत येणारी हवीत. व्हॅलोरंटला बाजूची दोन बटणं पुष्कळ झाली. ती पकड न सोडता दाबता आली पाहिजेत, एवढीच अट.

वायरलेस घ्यायचा असेल तर स्वतःचं 2.4 गिगाहर्ट्झचं डाँगल असलेला घे, ब्लूटूथवर खेळू नकोस. डाँगल संगणकाच्या मागे खोचू नकोस, सोबतच्या वायरीनं माउसपॅडजवळ आणून ठेव. शेजारचं यूएसबी 3.0 पोर्ट त्याच लहरींमध्ये खरखर करतं. बजेट आखूड असेल तर मऊ केबलचा वायर्ड माउस अगदी उत्तम. 8000 हर्ट्झ पोलिंग रेटच्या जाहिरातीला भुलू नकोस. 1000 हर्ट्झला माउस दर मिलिसेकंदाला खबर देतो, आणि 60 हर्ट्झचा पडदा तर जवळपास 17 मिलिसेकंदांनी एकदा चित्र बदलतो. जास्तीचे पैसे हातात असतीलच, तर 144 हर्ट्झच्या मॉनिटरसाठी साठव.

मुंबईला जाणं झालं तर लॅमिंग्टन रोडवर दोन-चार दुकानांत माउस हातात धरून बघ. डोळे मिटून धर, अंगठा आणि अनामिकेनं पुन्हा पुन्हा उचल, बाजूचं पुढचं बटण दाब. तेवढ्यात पकड बदलावी लागली, तर तो खाली ठेव. जाणं जमत नसेल, तर गणपतीत उरलेली शाडू माती भिजव. कंपनीच्या पानावर लांबी, रुंदी, उंची दिलेली असते, त्या मापाचा गोळा कर, सुकत आला की खेळताना धरतेस तसा धर. करंगळी कुठे जाते, तळवा टेकतो का, ते मातीवरच्या ठशांत दिसेल. ऑनलाइन मागवताना परतीची मुदत आधी वाच.

आणि अवघडण्याबद्दल. माउस बदलून, कोपर टेबलाच्या उंचीला आणून, मधे मधे हात मोकळा सोडूनही दुखणं राहिलं, किंवा अंगठा, तर्जनी, मधलं बोट यांना मुंग्या येऊ लागल्या, तर थांब आणि डॉक्टरांना दाखव. मनगटातल्या नसेवर दाब आला की नेमकी हीच बोटं बधिर होतात आणि त्यावर कुठलाही माउस इलाज नाही.

प्रश्न : मी डावखुरा आहे. दोन्ही हातांचे म्हणून विकले जाणारे माउस मला खरंच चालतील का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : बाजूची बटणं कुठे आहेत, ते बघून ठरवा. दोन्ही बाजूंनी सारख्या दिसणाऱ्या पुष्कळ माउसांना ती फक्त डाव्या अंगाला असतात, म्हणजे उजव्या हाताच्या अंगठ्याखाली. डाव्या हातात धरलं की ती तुमच्या अनामिका-करंगळीखाली येतात आणि नको तेव्हा दाबली जातात. लॉजिटेकचा 2018 चा जी प्रो वायरलेस या बाबतीत चोख आहे. त्याची बटणं काढून हव्या त्या बाजूला बसवता येतात आणि नको त्या बाजूला झाकण लावता येतं. रेझरच्या 2019 च्या पहिल्या वायपरला दोन्ही अंगांना बटणं आहेत. त्याच घराण्यातल्या पुढच्या काहींना मात्र ती दोन्ही अंगांना नाहीत, म्हणून नुसत्या नावावर जाऊ नका, दोन्ही बाजूंचे फोटो बघा. विंडोजमध्ये मुख्य बटण उजवं करून घ्या आणि चालण्याच्या कळा डब्ल्यू-ए-एस-डीवरून आय-जे-के-एलवर आणा. उजव्या हाताला तिथे भोवताली पुरेशा कळा मिळतात आणि खांदे आखडत नाहीत.