हार्डवेअर वॉलेट घेताय? आधी खर्चाचा हिशेब मांडा

जुलै २०२४ मध्ये मुंबईच्या वझीरएक्स या एक्स्चेंजमधून सुमारे २३ कोटी डॉलरचे क्रिप्टो चोरीला गेले आणि ग्राहकांचे पैसे वर्षभराहून अधिक काळ अडकून पडले. तेव्हापासून ‘कॉइन एक्स्चेंजवर ठेवू नका, हार्डवेअर वॉलेट घ्या’ हा सल्ला जो तो देतो. सल्ला चुकीचा नाही. पण त्याला खर्च किती येतो आणि नेमके काय सांभाळायचे, हे घेण्याआधीच समजून घेतलेले बरे.

पेनड्राइव्हएवढ्या या यंत्रात कॉइन नसतात. ते ब्लॉकचेनवरच असतात. यंत्रात असते ती फक्त गुप्त किल्ली. ती इंटरनेटपासून दूर राहते, हाच या यंत्राचा फायदा. सुरुवातीला यंत्र स्वतःच्या पडद्यावर १२, २० किंवा २४ इंग्रजी शब्द दाखवते. हीच सीड फ्रेज. यंत्र हरवले, फुटले तरी दुसऱ्या जुळणाऱ्या यंत्रात हे शब्द भरले की सगळे परत मिळते. आणि ते दुसऱ्याच्या हाती पडले, तर तुमच्या यंत्राला हातही न लावता तो सगळे उचलून नेतो.

खर्च किती?

यंत्र : लेजर नॅनो एस प्लस २०२२ मध्ये आणि ट्रेझर सेफ ३ हे २०२३ मध्ये बाजारात आले, तेव्हा दोन्हींची किंमत ७९ डॉलर होती, म्हणजे आजच्या हिशेबाने साधारण सात हजार रुपये. टचस्क्रीनचे ट्रेझर सेफ ५ हे १६९ डॉलरला आले. परदेशातून मागवल्यास कुरिअर, सीमाशुल्क आणि जीएसटी वेगळा धरा. नुसते कॉइन धरून ठेवायचे असतील तर साधे मॉडेल पुरते. तुमच्या फोनवर ते चालते का, हे मात्र आधी बघा.

शब्द जपण्याची सोय : सोबत आलेला कागद कोकणातल्या किंवा मुंबईतल्या पावसाळ्यात किती टिकेल, सांगता येत नाही. त्याऐवजी स्टीलची तयार पट्टी मिळते. स्वस्तात करायचे तर हत्यारांच्या दुकानातून अक्षरांचे पंच आणि स्टीलची पट्टी आणा आणि घरीच ठोका. हे शब्द एका ठरावीक यादीतले असतात आणि यादीतला प्रत्येक शब्द पहिल्या चार अक्षरांवरून ओळखता येतो, त्यामुळे २४ शब्दांना ९६ अक्षरे पुरतात. शब्दांचा क्रम मात्र ठोकायला विसरू नका. हे काम दुकानदाराकडून करून घेऊ नका.

लॉकर : शहराप्रमाणे वर्षाला दीड-दोन हजारांपासून पुढे, वर जीएसटी. लॉकरमध्ये चोरी झाली, आग लागली किंवा कर्मचाऱ्याने फसवले, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपर्यंतच असते. दोन हजार भाडे असेल तर दोन लाख. तिथे शब्दांची एक प्रत जरूर ठेवा, पण पासफ्रेज, म्हणजे या शब्दांच्या जोडीला आपण स्वतः ठरवलेला जादा गुप्त शब्द, वापरत असाल तर ती त्याच लॉकरमध्ये नको.

बाहेर काढण्याचे शुल्क : एक्स्चेंजवरून स्वतःच्या वॉलेटवर कॉइन पाठवताना शुल्क पडते. ते कॉइन आणि नेटवर्कप्रमाणे बदलते. काही ॲपमधून कॉइन बाहेर नेताच येत नाहीत. ही चौकशी यंत्र घेण्याआधी करा.

कर : कॉइन आपल्याच वॉलेटवर हलवणे ही विक्री नव्हे. विकल्यावर मात्र नफ्यावर ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के सेस लागतो. ठरावीक मर्यादेपलीकडे १ टक्का टीडीएसही कापला जातो. एका कॉइनचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही. खरेदी कितीला केली, हे वॉलेट लक्षात ठेवत नाही. एक्स्चेंजवरची सगळी स्टेटमेंट आधी उतरवून घ्या.

यंत्र आल्यावर

यंत्र कंपनीकडून किंवा कंपनीने मान्य केलेल्या विक्रेत्याकडूनच घ्या, वापरलेले नको. शब्द आधीच छापून आलेले असतील तर ते यंत्र वापरूच नका. २०२० मध्ये लेजरच्या सुमारे पावणेतीन लाख ग्राहकांची नावे, पत्ते आणि फोन नंबर फुटले. पुढच्या वर्षी त्यांच्यातल्या काहींच्या घरी ‘बदली’ म्हणून बनावट यंत्रे टपालाने आली. न मागवलेले यंत्र आले तर ते संगणकाला जोडू नका.

पिन टाका, शब्द लिहा आणि थोडीच रक्कम पाठवा. मग यंत्र मुद्दाम रिसेट करून लिहिलेल्या शब्दांवरून पुन्हा उभे करा. रक्कम दिसली, तरच बाकीचे कॉइन हलवा. चुकीचे लिहिलेले एक अक्षर याच वेळी सापडते.

लेजरवर पिन तीनदा चुकला की यंत्र कोरे होते; ट्रेझरवर त्याहून अधिक वेळा चुकल्यावर. पिन विसरला तरी शब्द हाताशी असतील तर काहीही बिघडत नाही. पासफ्रेज विसरलात तर मात्र ती कंपनीलाही सांगता येत नाही.

पैसे पाठवताना पत्ता संगणकावर नव्हे, यंत्राच्या पडद्यावर वाचा. कॉपी केलेला पत्ता गुपचूप बदलणारे व्हायरस असतात. पहिली चार आणि शेवटची चार अक्षरे बघून थांबू नका, मधलीही जुळवा. आपण कशाला मंजुरी देतोय हे यंत्रावर कळत नसेल, तर बटण दाबू नका.

शब्दांचा फोटो काढू नका. ते व्हॉट्सॲप, ईमेल किंवा क्लाउडवर ठेवू नका. ते कंपनीला कधीच लागत नाहीत. मागणारा ग्राहक सेवेचा माणूस असो, ॲप असो वा पत्र असो, ती फसवणूकच समजा. शब्द फुटल्याचा संशय आला तर आधी नव्या शब्दांचे वॉलेट बनवून कॉइन तिकडे हलवा. चोरी झाली असेल तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.

इथे नॉमिनी लावायची सोय नाही. पट्टी कुठे आहे आणि तिचे काय करायचे, हे एका विश्वासू वारसाला लिहून ठेवा. शब्द त्या कागदावर नकोत.

थोडक्यात, यंत्र, पट्टी आणि लॉकर मिळून पहिल्या वर्षी दहा-बारा हजारांची तयारी ठेवा. गुंतवणूक लाखाच्या आत असेल तर हा खर्च जड आहे. रक्कम त्याहून मोठी असेल आणि शब्द जपण्याची शिस्त असेल, तर जरूर घ्या. ती शिस्त नसेल तर महागडे मॉडेल घेऊनही उपयोग नाही.