अर्धा लिटर पेट्रोल आणि चार डबे

आधीच सांगून टाकते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाची चूकभूल द्यावी घ्यावी. विषय मात्र आपल्या सगळ्यांचा आहे : भटकंती आणि पेट्रोल!

जिओकॅशिंग म्हणजे काय?

सोप्या भाषेत, जीपीएस वापरून खेळायचा लपाछपीचा खेळ. एकाने डबा लपवायचा, त्यात एक वही ठेवायची आणि जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करायचे. दुसऱ्याने तो शोधायचा, वहीत नाव लिहायचं आणि डबा जागच्या जागी ठेवून यायचं. आतली वस्तू घेतली, तर तेवढ्याच मोलाची दुसरी ठेवायची.

मे २००० च्या सुरुवातीला अमेरिकेने जीपीएस सिग्नलमध्ये मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली. आधी सामान्य माणसाला शंभर मीटरपर्यंत चुकीची जागा दिसायची, ती चूक एकदम दहा-वीस मीटरवर आली. लगेच ३ मे रोजी डेव्ह उल्मर नावाच्या गृहस्थांनी ओरेगन राज्यातल्या रानात एक बादली लपवली आणि तिची जागा इंटरनेटवर टाकली. झाला खेळ सुरू!

फर्स्ट इयरला असताना आमच्या ग्रुपने हाच खेळ नाशिकपुरता खेळायचं ठरवलं. तीन टिफिनचे डबे, तीन जागा : सोमेश्वर, अंजनेरीचा पायथा आणि रामशेजचा पायथा. चौथी जागा पांडवलेणी, पण तिथे डबा नाही. ते संरक्षित स्मारक आहे, तिथे काही लपवायचं नाही की खणायचं नाही. म्हणून चौथा ‘डबा’ म्हणजे फक्त एक प्रश्न : चैत्यगृहाचा लेणे क्रमांक किती? (उत्तर १८, पण बघून आल्याशिवाय मार्क नाहीत.)

आणि पंप कोरडे पडले

तारीख ठरली २ जानेवारी २०२४. नेमका तेव्हाच ड्रायव्हर लोकांचा संप. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(२) मध्ये अपघात करून, न कळवता पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कैदेची तरतूद होती, तिच्याविरुद्ध. मनमाडजवळ पानेवाडीला तेल कंपन्यांचे डेपो आहेत. तिथून टँकर निघाले नाहीत आणि इकडे पंपांवर रांगा लागल्या. मी दीड तास उभी राहिले. माझ्या पुढे चार गाड्या असताना पंपवाल्या दादांनी हात हलवले, ‘संपलं!’ स्कूटीत उरलं होतं अंदाजे अर्धा लिटर.

रूमवर येऊन मी टँकरवाल्यांच्या नावाने जे बोलले ते इथे छापता येणार नाही. माझी रूममेट मनमाडची. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. शांतपणे म्हणाली, ‘माझे पप्पा टँकरच चालवतात.’

मला काय बोलावं सुचेना. मग तीच बोलली. ‘अपघातानंतर थांबलं तर जमाव मारतो, पळालं तर दहा वर्षं. पप्पा म्हणतात, मी नेमकं काय करू?’ मी म्हटलं, ‘पण रस्त्यावर पडलेल्या माणसाला कोणी दवाखान्यात न्यायचं?’ ती म्हणाली, ‘तेही बरोबरच आहे गं.’ दोघी बराच वेळ गप्प बसलो. २ जानेवारीच्या रात्री सरकार आणि वाहतूकदारांची बोलणी होऊन संप मिटला. नवा कायदा १ जुलै २०२४ ला लागू झाला, पण ते उपकलम तेव्हा बाजूला ठेवलं गेलं.

इंजिनिअरच्या नजरेने पाहिलं, तर धडा सरळ आहे. तेल मुंबईहून मनमाडपर्यंत पाइपलाइनने येऊ शकतं, पण शेवटचा टप्पा माणूसच चालवतो. साखळीची एक कडी थांबली की सगळं थांबतं. सप्टेंबर २००८ मध्ये गुस्ताव्ह आणि आइक वादळांमुळे मेक्सिकोच्या आखाताकाठच्या रिफायनऱ्या बंद पडल्या, तेव्हा शेकडो किलोमीटर दूरच्या अ‍ॅटलांटा आणि नॅशव्हिलमधले पंपही असेच कोरडे पडले होते.

अर्ध्या लिटरचं गणित

आता अभ्यासाचं. नाशिक जवळजवळ २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. अक्षांशाचं १ मिनिट म्हणजे १.८५ किमी. रेखांशाचं १ मिनिट मात्र २० अंशांच्या कोसाइनने, म्हणजे ०.९४ ने गुणायचं, ते येतं १.७४ किमी.

समजा डबा तुमच्यापासून ३ मिनिटं उत्तरेला आणि ४ मिनिटं पूर्वेला आहे. उत्तरेकडे ५.५५ किमी, पूर्वेकडे ६.९६ किमी. पायथागोरस लावला की सरळ अंतर सुमारे ८.९ किमी. पण रस्ता सरळ नसतो. आम्ही १.३ ने गुणतो, म्हणजे साधारण ११.६ किमी. जाऊन-येऊन २३ किमीच्या वर. स्कूटी लिटरला ४० देत असेल, तर पेट्रोल जवळपास ०.६ लिटर. म्हणजे अर्ध्या लिटरवर निघालात तर येताना ढकलत आणावी लागेल!

आमच्या चारही जागांना वेगवेगळं जाऊन-येऊन १०० किमी होत होते, म्हणजे अडीच लिटर. हिशोब मांडला आणि बेत बदलला. पांडवलेणी आणि सोमेश्वर शहरापासून जवळ, तिथे सायकलने गेलो. अंजनेरी आणि रामशेज संप मिटल्यावर. स्कूटीतलं अर्धा लिटर कुणी रात्री आजारी पडलं तर म्हणून राखून ठेवलं.

या खेळातून आम्ही शिकलो ते असं :

१. आधी नकाशा, मग किल्ली. एका दिशेच्या जागा एकाच फेरीत करा.
२. टायरमध्ये हवा पुरेशी ठेवा, लांब सिग्नलला इंजिन बंद करा.
३. बाटलीत पेट्रोल भरून होस्टेलच्या खोलीत ठेवू नका. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते आणि एका ठिणगीने पेटते.
४. दहा किमीच्या आत सायकल. आपल्याच नाशिकच्या डॉ. महाजन बंधूंनी २०१५ मध्ये सायकलवर ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली, आपल्याला पांडवलेणी जड नाही.

सोमेश्वरचा डबा मला आणि रूममेटला मिळाला. वहीत दोघींची नावं लिहिली. तिने तिसरंही लिहिलं, ‘पप्पा’. आता पंपावर टँकर उभा दिसला की मी ड्रायव्हरच्या खिडकीकडे बघते.

डबा अजून तिथेच आहे. पुढचं नाव तुमचं!