दोरी कुठे तुटली?

सुरुवातीलाच सांगून टाकतो. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, मराठी फक्त घरी आणि सुट्टीत मांडव्याला. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला. मराठी विभागाचे संपादक लेखासाठी तीनदा रूमवर येऊन गेले. कविता मला येत नाही. येतं ते एकच, गळ टाकणं. म्हणून हा अभ्यासलेख, आणि तोही हातातून सुटलेल्या माशावर!

मांडवा म्हटलं की सगळ्यांना १९९० चा 'अग्निपथ' आठवतो. प्रत्यक्षात गेटवेहून लाँचने तासाभरात मांडवा जेट्टी येते आणि बहुतेक पब्लिक तिथूनच अलिबागच्या बसमध्ये बसून निघून जातं. आमचं घर जेट्टीपासून आत, खारबांधाच्या अलीकडे. भाताची खाचरं आणि त्यांना लागून एक तळं. या तळ्यात पावसाचं गोडं पाणी आणि त्यात काकांचे जिताडे.

२०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून रो-रो सुरू झाली. तेव्हापासून मुंबईच्या गाड्या थेट मांडव्यात उतरतात आणि आमच्याकडे जो तो जमिनीचीच चौकशी करतो. तळं सामाईक होतं, बाकीच्या वाटेकऱ्यांना विकायचं होतं. या दिवाळीत काका म्हणाले, "बाबू, पाडव्यानंतर मोटर लावून तळं उपसणार, मग भराव. तोपर्यंत गळाला लागतील तेवढे काढ." म्हणजे माझ्याकडे चार दिवस होते.

आधी जिताड्याबद्दल थोडं. बंगालमध्ये याला भेटकी म्हणतात, ऑस्ट्रेलियात बारामुंडी. मासा एकच, लेट्स कॅल्करिफर. अंडी घालायला याला खारं पाणी लागतं, पण पिल्लं खाडीतून वर गोड्या पाण्यात शिरतात आणि तिथे मजेत वाढतात. आणखी गंमत म्हणजे तो आधी नर असतो आणि काही वर्षांनी, अंगाने मोठा झाल्यावर, मादी होतो. (हे ऐकून आमच्या विंगमध्ये जे जोक झाले ते इथे छापता येणार नाहीत.) रायगडात, विशेषतः अलिबाग-पेण भागात, खाडीतली पिल्लं आणून शेततळ्यात सोडायची पद्धत जुनी आहे. पण तळ्यातला जिताडा कितीही मोठा झाला तरी तिथे त्याची वीण होत नाही. दरवेळी पिल्लं बाहेरूनच आणावी लागतात. १९९७ मध्ये चेन्नईच्या केंद्रीय निमखारे पाणी मत्स्यसंवर्धन संस्थेने याचं बीज हॅचरीत तयार केलं, पण काकांचा विश्वास अजून खाडीवरच.

गोड्या पाण्यातला गळ म्हटलं की पुस्तकात महसीर येतो. खुद्री महसीरचं शास्त्रीय वर्णन कर्नल साईक्स यांनी १८३९ मध्ये केलं ते पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशांवरून, आणि लोणावळ्याला वळवण तलावाशी टाटांनी त्याचं बीज १९७० च्या दशकापासून तयार केलं. पण मी महसीर कधी धरलेला नाही, म्हणून तो विषय इथेच सोडतो.

माझं सामान अगदी साधं. सात फुटी फायबरचा रॉड, एक स्वस्तातलं रीळ आणि ०.३० मिलिमीटरचा तंगूस. पाकिटावर ताकद ६ किलो. आता हिशोब करा. क्षेत्रफळ ०.०७ चौरस मिलिमीटर, म्हणजे ताण चौरस मिलिमीटरला साधारण ८३० न्यूटन. साधं माइल्ड स्टील ४१० च्या आसपास तुटतं. म्हणजे ही पारदर्शक दोरी जाडीच्या हिशोबाने लोखंडी सळीच्या दुप्पट मजबूत! मला याचा फार माज होता.

रिळावर ड्रॅग असतो. बाईकच्या क्लचप्लेटसारख्या चकत्या, त्या स्क्रूने दाबायच्या. माशाने ठरावीक जोराच्या वर ओढलं की रीळ घसरतं आणि दोरी तुटायच्या ऐवजी सुटत जाते. भाजीवाल्याकडे असतो तसा स्प्रिंगचा काटा दोरीला अडकवून सरळ ओढला आणि ड्रॅग ३ किलोवर ठेवला. (मेकॅनिकलवाले म्हणतील किलोग्रॅम-फोर्स म्हण. म्हटलं.) दोनचा फॅक्टर ऑफ सेफ्टी, अजून काय पाहिजे?

पहिल्या संध्याकाळी गळाला जिवंत चिलापी लावून बांधाजवळ सोडली. दहा मिनिटांत पाण्यात 'डुब्' असा आवाज झाला आणि रॉड वाकला. मासा अर्धा पाण्याबाहेर आला, डोकं झाडलं, तोंड हे एवढं! मी रॉड उभा धरला. रीळ थोडं घसरलं, थांबलं, परत घसरलं आणि एकदम सगळं हलकं झालं. काका बांधावर बसून बिडी ओढत होते. म्हणाले, "गेला?" बस, एवढंच.

रात्री झोप येईना म्हणून कागद घेऊन बसलो.

पहिला संशय माशावर. जिताड्याच्या कल्ल्याचं झाकण ब्लेडसारखं असतं, त्याने दोरी कापते. पण मग टोक सरळ कापलेलं किंवा खरवडलेलं दिसलं असतं. माझ्या दोरीचं टोक डुकराच्या शेपटीसारखं गुंडाळलेलं होतं. म्हणजे दोरी तुटलीच नव्हती, गाठ घसरली होती!

मग ताकद बघितली. चांगल्या गाठीतही दोरीची ८० टक्के ताकद उरली तर नशीब, म्हणजे ६ चे ४.८ किलो. आणि माझी गाठ चांगली नव्हती. तीनच वेढे आणि कोरडीच आवळलेली. नायलॉन कोरडं आवळलं की घर्षणाने तापतं आणि तिथेच कमजोर होतं.

आता ताण. ३ किलो मी सरळ ओढून मोजले होते, पण मासा लागल्यावर रॉड उभा होता. दोरी कड्यांतून जवळजवळ काटकोनात वळत होती. सेकंड सेममध्ये बेल्ट आणि पुलीचं जे समीकरण आपण रट्टा मारून सोडून देतो तेच इथे लागतं. घर्षणांक ०.२ धरला आणि कोन १.५७ रेडियन, तर ताण १.३७ पट होतो. ३ चे झाले ४.१. शिवाय काट्यावरचा आकडा मी रीळ फिरत असताना घेतला होता. थांबलेलं रीळ परत सुटायला जास्त जोर लागतो, स्वस्त रिळात तर फारच. २० टक्के धरले तरी ४.९.

४.९ विरुद्ध ४.८. आणि तेसुद्धा गाठ चांगली समजून! व्हायव्हात विचारलं असतं तर हे सगळं मी घडाघडा सांगितलं असतं. बांधावर त्यातलं काहीही आठवलं नाही.

दुसऱ्या दिवशी ड्रॅग दीड किलोवर आणला. शेवटचा दोन फूट तुकडा ०.६० चा लावला, कल्ल्यासाठी. गाठीला सहा वेढे, आणि आवळण्याआधी थुंकीने ओली केली. काका हसले. "हे मला विचारलं असतंस तरी सांगितलं असतं," ते म्हणाले. "आमी गाठ तोंडात धरूनच आवळतो." म्हणजे माझं रात्रभराचं डेरिव्हेशन त्यांच्या तोंडात होतं.

दीड किलोच्या ड्रॅगवर मोठा मासा कसा येईल, असं वाटेल. पण पाण्यात माशाचं वजन जवळपास शून्य असतं, आपण फक्त त्याच्या पोहण्याशी भांडतो. तो दमेपर्यंत सोडायचं, थांबला की गुंडाळायचं. मात्र बाहेर काढताना दोरीने उचलायचं नाही, खाली जाळं घालायचं. तीन दिवसांत चार जिताडे आले, सगळ्यात मोठा साडेतीन किलोचा. पहिला काही परत लागला नाही.

पाडव्यानंतर मोटर लागली. दुपारपर्यंत घोट्याएवढा चिखल राहिला. काका आणि शेजारचे दोघे पाग घेऊन उतरले. व्यापारी बर्फाचा खोका घेऊन सकाळपासूनच उभा होता. शेवटी कोपऱ्यातल्या खड्ड्यातून तो निघाला. काट्यावर सात किलो दोनशे भरला. जबड्याच्या कडेला माझा गळ तसाच होता, थोडा गंजलेला, आणि गळाच्या डोळ्यात दोरीचा तुकडासुद्धा नव्हता.

काकांनी पकडीने गळ काढून माझ्या हातावर ठेवला आणि मासा व्यापाऱ्याच्या खोक्यात.