लॅपटॉप घेताना : स्टिकरवरचे नाव आणि आतला प्रोसेसर

दहावी-बारावीचे निकाल लागून डिप्लोमा-इंजिनिअरिंगचे प्रवेश सुरू झाले की आमच्या अभ्यासिकेत पालक एकच प्रश्न घेऊन येतात. "सर, मुलीला लॅपटॉप घ्यायचाय. आय-फाइव्ह घेऊ की आय-सेव्हन?" प्रश्न साधा दिसतो, परंतु त्यामागे घरातला पहिलाच लॅपटॉप, पतपेढीचे कर्ज आणि दोन-दोन वर्षांचे हप्ते उभे असतात. म्हणून या विषयाची थोडी शिस्तीने ओळख व्हावी, या हेतूने हे लिहीत आहोत.

गेल्या वर्षी आमच्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी कर्ज काढून वापरलेला लॅपटॉप आणला. कीबोर्डशेजारी आय-सेव्हनचे चकचकीत स्टिकर होते आणि दुकानदाराने 'टॉप मॉडेल' म्हणून सांगितले होते. आम्ही प्रोसेसरचे पूर्ण नाव उघडून पाहिले. ते निघाले आय७-७५००यू, म्हणजे २०१६ सालचा, सातव्या पिढीचा आणि अवघ्या दोन कोअरचा. पुढच्याच वर्षी, २०१७ मध्ये, बाजारात आलेल्या आय५-८२५०यू या प्रोसेसरात चार कोअर होते आणि दोघांचे ठरवून दिलेले वॉट तेवढेच, १५. अनेक कामे एकदम करायची झाल्यास धाकट्या नावाचा हा प्रोसेसर थोरल्याला सहज मागे टाकतो. त्यात भर म्हणजे विंडोज ११ च्या अधिकृत यादीत तो आय-सेव्हन नाही आणि विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. वडिलांनी पैसे मोजले ते एका आकड्याचे.

तेव्हा पहिली गोष्ट ही की, नाव पूर्ण वाचावे. इंटेलच्या या जुन्या पद्धतीत आडव्या रेघेनंतर पिढी येते. ८२५० मधला ८ म्हणजे आठवी पिढी, तर १२३५ मध्ये १२ म्हणजे बारावी. शेवटचे अक्षर विजेचे. 'यू' म्हणजे साधारण १५ वॉटचा वर्ग, 'एच' म्हणजे ४५ वॉटचा. २०२३ च्या अखेरीपासून इंटेलने नव्या लॅपटॉप प्रोसेसरांच्या नावातला 'आय' काढून 'कोअर अल्ट्रा' अशी नावे आणली. तरी अक्षर वाचण्याची सवय तिथेही उपयोगी पडते.

एएमडी कंपनीच्या रायझनमध्ये फसगत निराळी आहे. रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू ही नावे शेजारी ठेवली तर फरक दहाचा दिसतो. या ७००० मालिकेत तिसरा अंक आतली रचना सांगतो. ७५२०यू ची रचना २०१९ सालची 'झेन २' आहे व कोअर चार. ७५३०यू ची 'झेन ३' व कोअर सहा. दुकानात दोन्हींवर 'रायझन ५, ७००० सिरीज' अशी एकच पाटी लागते.

बरे, कोअर मोजले म्हणजे झाले का? तेही नाही. बाराव्या पिढीपासून इंटेलच्या बऱ्याच प्रोसेसरांत मोठे आणि लहान असे दोन प्रकारचे कोअर एकत्र असतात. आय५-१२३५यू मध्ये दहा कोअर आहेत, पण त्यांपैकी मोठे दोनच. आय५-१२४५०एच मध्ये एकूण आठ, पण मोठे चार. जड कामाला दहापेक्षा हे आठ बरे.

मग सर्वांनी 'एच'च का घेऊ नये? येथे बॅटरी आडवी येते, आणि हा भाग विद्यार्थ्यांनी नीट समजून घ्यावा. प्रोसेसरचा वेग वाढवायचा तर त्याला व्होल्टेजही वाढवून द्यावे लागते, आणि खर्च होणारी वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे शेवटचा थोडासा वेग सर्वांत महाग पडतो. त्या विजेची उष्णता होते. पातळ लॅपटॉपमधला छोटा पंखा ती बाहेर टाकू शकला नाही, तर काही मिनिटांत प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. म्हणजे कागदावरचा वेग विकत घेतला आणि तो वापरायलाच मिळाला नाही.

बॅटरीचा हिशेब तर पाचवीच्या भागाकाराएवढा आहे. लॅपटॉपच्या तपशिलात बॅटरी किती वॉट-तासांची ते दिलेले असते. ती ४२ वॉट-तासांची असेल आणि वाचन-टंकलेखनात संपूर्ण लॅपटॉप ७ वॉट खात असेल, तर सहा तास चालेल. २१ वॉट खाऊ लागला की दोन तास. यात पडद्याचा वाटाही मोठा असतो, म्हणून पडद्याचा उजेड कमी करणे हा फुकटचा उपाय आहे. ज्यांच्या गावी वीज वारंवार जाते, त्यांनी वेगाच्या आकड्याआधी हा भागाकार करावा.

आमचे मत विचाराल तर कला-वाणिज्य शाखेच्या, तसेच प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्या मुलांना अलीकडच्या पिढीचा 'यू' वर्ग पुष्कळ झाला. ड्रॉइंगची जड सॉफ्टवेअरे किंवा व्हिडिओचे काम असेल तर 'एच' घ्यावा आणि चार्जर सोबत बाळगण्याची तयारी ठेवावी. केवळ टायपिंग व फॉर्म भरणे असेल तर ६ वॉटचा, चार लहान कोअरचा एन१०० देखील चालतो. अभियांत्रिकीसाठी मात्र नको. अ‍ॅपलने नोव्हेंबर २०२० मध्ये आणलेल्या एम१ ने बॅटरी आणि वेग यांचे भांडण बरेचसे मिटवले, इतके की त्यावरील मॅकबुक एअरमध्ये पंखाच नव्हता. परंतु कॉलेजात सॉलिडवर्क्स शिकवत असतील तर ते विंडोजवरचेच सॉफ्टवेअर आहे. ही चौकशी आधी कॉलेजात करावी, मग दुकानात जावे.

आय-सेव्हनसाठी जादा मोजायचे पैसे रॅमवर घालणे अनेकदा शहाणपणाचे ठरते. आठ जीबीपेक्षा कमी घेऊ नये. काही लॅपटॉपात रॅम बोर्डावरच पक्की बसवलेली असते, नंतर वाढवता येत नाही. हे दुकानदार आपण होऊन क्वचितच सांगतो.

त्या विद्यार्थ्याच्या लॅपटॉपातली जुनी हार्ड डिस्क काढून आम्ही एसएसडी बसवली आणि त्यावर उबुंटू घातले. आता तो त्यावर पायथॉन शिकतो आणि यंत्र सुरू होताना चहाला उठावे लागत नाही. ड्रॉइंगच्या तासाला मात्र त्याला कॉलेजच्या लॅबमध्ये नंबर लावावा लागतो. पतपेढीचे हप्ते अजून नऊ बाकी आहेत.