आटपाट नगरातला राजपुत्र कोणत्या दाराने येतो?



या वेळचा पाठ जरा लांब झाला आहे. एका बसण्यात नाही झाला तर दोनदा वाचा, पण घरातल्या मुलांना सोबत घेऊनच वाचा, कारण विषय त्यांच्याकडूनच आला आहे.

श्रावण लागला. आपल्या बालाघाटात शेजाऱ्यांचा सावन पंधरा दिवस आधीच सुरू झालेला असतो, त्यामुळे बालवर्गात दरवर्षी एक तरी मूल विचारतं की आपला श्रावण लेट का. त्यांच्याकडे महिना पौर्णिमेनंतर लागतो, आपल्याकडे अमावास्येनंतर, एवढंच. तर पहिल्या श्रावणी रविवारी आम्ही मुलांना कहाणी सांगायला बसलो आणि सुरुवातीला सहज विचारलं, "तुम्हाला माहीत असलेला एक राजपुत्र सांगा." मुलं हिंदी आणि इंग्रजी शाळेतली, त्यामुळे आधी "राजपुत्र म्हणजे राजकुमार ना?" हे झालं. मग बाहुबली आला, सिंबा आला, एका मुलीने सिंड्रेलाचा राजकुमार सांगितला. त्याचं नाव काय, असं विचारल्यावर तिला आठवेना. आठवणार कसं, त्याला नावच नाही. पेरो या फ्रेंच लेखकाने 1697 मध्ये ती गोष्ट छापली तेव्हाही तो नुसता राजपुत्रच होता. त्याचं काम एकच, बूट घेऊन पोरगी शोधायची.

मागे बसलेला नऊ-दहा वर्षांचा एक मुलगा मात्र गप्प होता. त्याने शेवटी विचारलं, "काकू, राजकुमाराने गलती केली तर त्याला कोण रागावतं?"

आम्ही त्याला म्हटलं, पुढच्या वेळी सांगतो. खरं म्हणजे लगेच काही सुचलं नाही. घरी आल्यावर सेवेतल्या आम्ही चार-पाच जणींनी आठवतील तेवढे राजपुत्र काढले. ध्रुवबाळ, प्रल्हाद, लव-कुश हे देवघरातले, त्यांचा अभ्यास आपण वेगळा करतो. इथे गोष्टींमधले राजपुत्र घेऊ.

आमच्या पिढीला राजपुत्र भेटला तो 'चांदोबा'त. 1947 मध्ये मद्रासहून तेलुगू आणि तमिळमध्ये 'चंदामामा' निघाला आणि 1952 पासून तो मराठीत 'चांदोबा' म्हणून येऊ लागला. आमच्या माहेरी तो महिन्यातून एकदा यायचा आणि भावंडांत ओढाताण व्हायची. त्यातले राजवाडे, मुकुट, घोडे सगळं दाक्षिणात्य धाटणीचं, पण आम्हाला ते आपलंच वाटायचं. शंकर या चित्रकाराचं ते चित्र आठवा: खांद्यावर प्रेत, हातात तलवार, मागे झाड आणि अंधारात निघालेला विक्रम. त्या चित्राची भीती वाटायची आणि तेच पान आधी उघडायचो.

वेताळाच्या पंचविशीतली पहिलीच गोष्ट राजपुत्राची आहे. वज्रमुकुट हा काशीचा राजपुत्र, त्याचा मित्र प्रधानाचा मुलगा. राजपुत्राचं पद्मावतीवर मन जातं. ती परक्या राज्यातली, हस्तिदंताचं काम करणाऱ्याची मुलगी. पुढे तिला पळवून आणायला प्रधानपुत्र अशी युक्ती करतो की तिथल्या राजाला पद्मावती चेटकीणच वाटते आणि तो तिला गावाबाहेर काढतो. हे दोघे तिला घोड्यावर बसवून घेऊन येतात. राजपुत्राला हवं ते मिळालं. तिकडे मुलीचे आईवडील मात्र झुरून मरतात. वेताळ विचारतो, हे पाप कोणाचं? विक्रम म्हणतो, त्या राजाचं, कारण त्याने चौकशी न करता शिक्षा दिली. प्रधानपुत्र धन्याचं काम करत होता, राजपुत्र प्रेमाने आंधळा झाला होता, म्हणून ते दोघे सुटले.

लहानपणी हे उत्तर बरोबर वाटलं होतं. या वेळी वाचताना पटलं नाही. राजाने चौकशी करायला हवी होती, हे कबूल. पण ज्याच्यासाठी सगळं घडलं त्याला कोणी काही विचारतच नाही. तरुण आहे, मन गेलं, होतं असं. आपल्या घराघरांत मुलांच्या बाबतीत हेच बोललं जातं. आमच्यातल्या एक वहिनी म्हणाल्या, "मुलीच्या बाबतीत बोललं जातं का असं?" त्यावर कोणी काही बोललं नाही.

पंचतंत्रातल्या तीन राजपुत्रांची गंमत वेगळी. महिलारोप्य नगराचा राजा अमरशक्ती, त्याचे मुलगे बहुशक्ती, उग्रशक्ती आणि अनंतशक्ती. नावं एकाहून एक जोरदार, आणि तिघेही अभ्यासात ढ. राजाने हे सभेत उघड सांगितलं. ऐंशी वर्षांच्या विष्णुशर्म्याने राजा देऊ करत असलेली शंभर गावं नाकारली, विद्या विकत नाही म्हणाला, आणि सहा महिन्यांत मुलांना शहाणं करून दाखवलं. कोल्हा, कावळा, घुबड, माकड, मगर, मुंगूस यांच्या त्या सगळ्या गोष्टी या तीन पोरांसाठी सांगितलेल्या आहेत. सहाव्या शतकात त्या इराणच्या पहलवी भाषेत गेल्या, आठव्या शतकात अरबीत, तिथून सगळ्या युरोपात. आम्हाला त्यात मोठी गोष्ट वाटली ती राजाची. आपली मुलं ढ आहेत हे चारचौघांत बोलणारा बाप. तो गप्प बसला असता तर पंचतंत्र सांगायला कारणच उरलं नसतं.

सिंबाबद्दल थोडं. मुलांना तो 1994 च्या इंग्रजी चित्रपटातला म्हणून माहीत आहे. काका भावाला मारून राजा होतो आणि राजपुत्राने काय करायचं, हा गाभा शेक्सपिअरच्या हॅम्लेटचा, डेन्मार्कच्या राजपुत्राचा. हॅम्लेट मराठीत आणला गोपाळ गणेश आगरकरांनी. त्यांचं 'विकारविलसित' 1883 मध्ये छापून आलं आणि त्यात हॅम्लेटचा चंद्रसेन झाला. गणपतराव जोशींचा चंद्रसेन बघायला लोक गावोगावहून येत. आजच्या मुलांचा सिंबा आणि त्यांच्या खापरपणज्यांचा चंद्रसेन हे असे नात्यातले निघतात.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. बैहरच्या पुढे मुक्की गेटातून कान्हाच्या जंगलात आपल्यापैकी बरेच जण गेले असतील. वाघ दिसला की नाही एवढंच आपण आल्यावर सांगतो. पण त्याच कान्हात श्रवण ताल आहे आणि दशरथ मचान नावाची जागा आहे. तिथले लोक सांगतात की आईवडिलांसाठी पाणी भरणाऱ्या श्रवणाला दशरथाचा बाण लागला तो याच तळ्यावर. वाल्मीकी रामायणात हा प्रसंग शरयूच्या काठी आहे, कालिदासाच्या रघुवंशात तमसेच्या. आणि आपल्याकडे तो मंडला-बालाघाटच्या जंगलात. ज्याला गोष्ट मनापासून लागते तो ती आपल्या पाणवठ्यावर आणतो, त्यात वाद घालण्यासारखं काही नाही.

आम्हाला इतकी वर्षं लक्षात न आलेली बाब ही, की वाल्मीकींच्या सांगण्यात दशरथ त्या वेळी राजा नाही. तो युवराज आहे, लग्नही झालेलं नाही. आवाजावर नेम धरून मारण्याची विद्या त्याला येते आणि त्याचं त्याला कौतुक आहे. अंधारात घागर भरल्याचा आवाज येतो, त्याला हत्ती वाटतो, तो बाण सोडतो. म्हणजे आमच्या त्या पोराने विचारला तोच राजकुमार आणि तीच गलती.

मग काय होतं ते नीट वाचा. दशरथ पळून जाऊ शकला असता. रात्र आहे, साक्षीदार कोणी नाही, आईबाप आंधळे आहेत. तो पाण्याची घागर उचलतो आणि स्वतः त्या म्हाताऱ्यांकडे जातो. त्यांना वाटतं मुलगाच आला, उशीर का केलास म्हणून ते विचारतात. आणि हा सांगतो, मी तुमचा मुलगा नाही, माझ्या हातून असं झालं. शाप मिळतोच, तूही पुत्रशोकाने मरशील. पण तो बाप आणखी एक बोलतो: तू स्वतः येऊन सांगितलं नसतंस तर तुझ्या मस्तकाची शकलं झाली असती.

एवढं धैर्य दाखवलेल्या या माणसाने घरात मात्र हे किती वर्षं सांगितलं नाही! राम वनात गेल्यावर, स्वतःच्या मरणाच्या रात्री, तो कौसल्येला सांगतो. अनोळखी म्हाताऱ्यांना त्याच रात्री सांगितलं आणि बायकोला शेवटच्या रात्री. बाहेरच्यापेक्षा घरच्यांना सांगणं जड जातं, आम्हाला तरी त्यातून हेच दिसलं.

आता श्रावणातली रविवारची कहाणी, आदित्यराणूबाईची. आपण ती दरवर्षी वाचतो, पटपट वाचून आरती करतो. त्यातले राजपुत्र कधी थांबून बघितलेत का? गरीब ब्राह्मणाच्या दोन मुली, एक राजाला दिली, एक प्रधानाला. राजाच्या राणीला वडिलांची कहाणी ऐकायला वेळ नसतो, प्रधानाची बायको ऐकते. पुढे राणीचं सगळं जातं. घरात खायला नाही. मग ती मुलाला म्हणते, मावशीकडे जा, ती काही देईल ते घेऊन ये. चार रविवारी चार मुलगे जातात. फाटक्या कपड्यांनी तळ्याच्या काठी उभे राहतात, दासींच्या हाती निरोप पाठवतात. मावशी विचारपूस करते आणि सांगते, परसदाराने आणा. मागच्या दाराने.

मावशी वाईट नाही. ती न्हाऊ घालते, नवं नेसायला देते, पोटभर जेवू घालते आणि बरोबर देते. पण दिलेलं झाकून देते. कोहळा पोखरून त्यात मोहरा, मग काठी पोखरून मोहरा, मग नारळात, मग दह्याच्या शिदोरीत. लोकांना दिसायला कोहळा आणि काठी. आणि चारही वेळा ते वाटेतच जातं. माळी होऊन देव कोहळा नेतो, गुराखी होऊन काठी नेतो, नारळ विहिरीत पडतो, शिदोरी घार नेते. मुलं रिकाम्या हातांनी घरी येतात. पाचव्या वेळी राणी स्वतः जाते, बहिणीजवळ राहते, चुकलं ते समजून घेते, श्रावणात वसा घेते, आणि तिथून तिचं दैव फिरतं.

आता आमच्या घरचं. आम्ही आमच्या मुलाला लहानपणापासून "राजा" म्हणत आलो. राजा, ऊठ. राजा, जेव. पाण्याचा पेला जागेवर. बहिणीने उठून द्यायचा. तो शिकला, पुण्यात नोकरीला लागला, आम्ही पेढे वाटले, सगळ्या ग्रुपांवर फोटो टाकले. मागच्या वर्षी त्याची नोकरी गेली. चूक त्याची होती की कंपनीची, हे आम्हाला आजही पूर्ण माहीत नाही आणि इथे तो विषयही नाही. त्याने फोनवर सांगितलं तेव्हा आम्ही दोघांनी पहिली गोष्ट काय केली? त्याला म्हटलं, गोंदियाला उतरलास की लगेच निघू नको, अंधार पडू दे, बाबा गाडी घेऊन येतील. तो रात्री आला. गल्लीतल्या कुत्र्यांशिवाय कोणाला कळलं नाही. दुसऱ्या दिवसापासून आम्ही सांगत होतो, वर्क फ्रॉम होम आहे. अडीच महिने सांगितलं. तो खोलीचं दार लावून बसायचा, आणि कोणी आलं की लॅपटॉप उघडून ठेवायचा. आम्ही बालवर्गात सत्य बोलण्याचा पाठ घेत होतो ते हेच महिने.

न्हाऊ घातलं, जेवू घातलं, मावशीसारखं सगळं केलं. पण आणलं परसदाराने. आणि जे दिलं ते झाकून दिलं, म्हणून त्याच्या हाती काही लागलं नाही. शेवटी त्यानेच एका गुरुवारी, सत्संगाला आलेल्या सहा-सात जणांसमोर, चहाचे कप देता देता सांगितलं की माझी नोकरी गेली आहे, कोणाला काही माहीत असेल तर सांगा. आम्हाला घाम फुटला. कोणीच हसलं नाही. एका काकांनी तिथेच त्याला काम सुचवलं. ते काम काही जमलं नाही, पण त्या दिवसापासून तो दार उघडं ठेवून बसू लागला. आता तो गोंदियाला रोज जाऊन-येऊन एक लहान नोकरी करतो, पगार पुण्याच्या निम्माही नाही. पाण्याचा पेला स्वतः घेतो. हे आम्ही शिकवलेलं नाही.

त्या मागे बसणाऱ्या मुलाला पुढच्या रविवारी आम्ही दशरथाची गोष्ट सांगितली. त्याने ऐकून विचारलं, "मग त्याला रागावलं कोण?" दुसरी मुलगी म्हणाली, "तो स्वतःच सांगायला गेला ना." पहिल्याला ते पुरेसं वाटलेलं दिसलं नाही. तो अजून विचार करतो आहे, करू द्या.

हा पाठ ग्रुपवर टाकण्याआधी आम्ही मुलाला वाचून दाखवला. तो म्हणाला, "सगळं लिही, फक्त रात्रीच्या गाडीचं काढ." मग जेवायला बसल्यावर म्हणाला, "राहू दे, तेही लिही."

पुढच्या बैठकीसाठी: प्रत्येक परिवाराने रविवारची कहाणी या वेळी सावकाश वाचावी, आणि वाचणाऱ्याने परसदाराच्या ठिकाणी थांबून घरातल्यांना विचारावं की आपल्याकडे या दाराने कोण आलं होतं. उत्तर ग्रुपवर पाठवायचं नाही, घरातच राहू द्या. ज्यांच्या घरी आजी-आजोबा पोवारीत किंवा झाडीबोलीत राजपुत्राची एखादी गोष्ट सांगतात त्यांनी मात्र ती त्यांच्याच आवाजात रेकॉर्ड करून पाठवावी, पाच मिनिटांच्या आत. बालवर्ग नेहमीप्रमाणे रविवारी सकाळी 9 वाजता. आसन आणि पाण्याची बाटली मुलांनी स्वतः आणायची आहे, आयांनी नाही.

जय गुरुदेव.